चमच्यातले दोन च आणि इटालियनचे उच्चार

इटालियन वर्णमालेत २१ अक्षरे आहेत. उरलेली जे, के, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही रोमन अक्षरे परभाषांतून आलेल्या शब्दांपुरतीच वापरतात. लिहिणे आणि बोलणे यांतले अंतर इंग्रजीत फार मोठे आहे, इटालियनमध्ये थोडे. मोजके नियम पाठ झाले की कधी न ऐकलेला शब्दही बहुतेक वेळा बरोबर वाचता येतो. मात्र हे नियम सांगणारी जी पुस्तके आपल्याकडे सहज मिळतात, ती बहुतांशी इंग्रजी मातृभाषा असलेला वाचक समोर धरून लिहिलेली असतात. अशा वाचकाला त्यांत चार सूचना हमखास दिलेल्या असतात. ए आणि ओ उच्चारताना शेवटी जीभ दुसऱ्या स्वराकडे सरकू देऊ नये. आघात नसलेला स्वर पुसट करू नये. प, त, क यांच्यामागे श्वासाचा झोत सोडू नये. र म्हणताना जिभेचे टोक थरथरवावे.

बीड जिल्ह्यात मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इटलीतल्या विद्यापीठात जाण्याच्या तयारीने असे पुस्तक उघडतो, तेव्हा या सूचनांतल्या किती त्याच्या उपयोगाच्या, हा प्रश्न उरतो. त्यावर दोन मते संभवतात. एक मत असे की, रोमन लिपी इंग्रजीतून हाती आली, तेव्हा इटालियनची वाटही इंग्रजीतूनच जाते. दुसरे असे की, मराठी तोंडात इटालियनचे बहुतेक ध्वनी तयारच आहेत, मग इंग्रजीचा वळसा कशाला? ही मते येथे अंबाजोगाईच्या एका कॉलेजातले इंग्रजीचे सर आणि मराठीच्या मॅडम यांच्या तोंडी घातली आहेत. दोन्ही पात्रे कल्पित आहेत.

अक्षराची किंमत

सर : मॅडम, आपल्या मुलांनी रोमन अक्षरं गिरवली ती इंग्रजीच्या तासाला. इटालियनही त्याच अक्षरांत लिहितात. पुस्तकं इंग्रजीत आहेत, शब्दकोश आहेत, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची चिन्हं आहेत. तयार रस्ता सोडून मराठीतून जायचा आग्रह कशासाठी?

मॅडम : पुस्तक इंग्रजीत असायला काहीच हरकत नाही, सर. हरकत आहे ती अक्षराला इंग्रजी किंमत देण्याला. रोमन अक्षराला स्वतःची अशी एक किंमत नसते. ज्या भाषेचं लेखन, त्या भाषेची किंमत. रोममध्ये १७७८ साली मराठीचं एक व्याकरण छापलं गेलं, ‘ग्रामातिका मरास्त्ता’. ते पोर्तुगीज भाषेत आहे. निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी भाषा, अशी मराठीची ओळख त्याच्या शीर्षकातच दिली आहे. आपल्या जिल्ह्याचा मुलूख या दोन राज्यांच्या सीमेवरचाच. त्या शीर्षकात निजामशहामधला श एक्स या अक्षरानं लिहिलाय, कारण पोर्तुगीजमध्ये एक्सचा उच्चार श होतो. इंग्रजी शिकलेला माणूस तेच ‘निझामाक्सा’ असं वाचणार. बोलोन्या शहराचं ‘बोलोग्ना’ होतं आणि ब्रुस्केत्ताचं ‘ब्रुशेटा’ होतं, ते ह्याच वाचनामुळे.

सर : म्हणजे चूक इंग्रजी वाचनाच्या सवयीची. पण इंग्रजी पुस्तकं हीच सवय मोडायला सांगतात.

मॅडम : इंग्रज माणसाची सवय मोडायला सांगतात. आपल्या पोरांच्या सवयी निराळ्या आहेत.

स्वर आणि श्वास

मॅडम : त्या चार सूचनाच बघा. इंग्रज माणूस ‘नो’ म्हणताना शेवटी ‘नोउ’ करतो. मराठी ओ जिथं सुरू होतो तिथंच संपतो. पहिली सूचना गेली. प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा फरक मराठी मूल बाराखडीच्याही आधी बोलण्यातून शिकतं, त्याला श्वास आवरायला शिकवावं लागत नाही. तिसरीही गेली. र तर आपला आहेच. ‘सर्रास’ म्हणणाऱ्याला इटालियन ‘कार्रो’, म्हणजे गाडा, म्हणताना अडचण काय?

सर : दुसरी सूचना तुम्ही अलगद वगळलीत. पुसट स्वराची. मराठी अ हा पुसटच स्वर आहे आणि इटालियनमध्ये त्याला जागाच नाही. रोमनमधलं पहिलं अक्षर इटालियनमध्ये कायम आ असतं. केळ्याला ते ‘बानाना’ म्हणतात, तिन्ही आ स्वच्छ. देवनागरीत वाचायची सवय असलेला मुलगा त्यातला एखादा आ हटकून अ करतो. शिवाय आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. घर लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. इटालियन शब्द बहुतेक स्वरांतच संपतात आणि तो स्वर गिळला तर अर्थ जातो. रागात्सो म्हणजे मुलगा, रागात्सा मुलगी, रागात्सी मुलगे, रागात्से मुली.

मॅडम : पण मुलगा, मुलगी, मुलगे हेही शेवटच्या स्वरावरच चालतं ना? त्याला फक्त सांगायचं की शेवटचा स्वर तुझ्या मुलगा-मुलगीइतकाच मोलाचा आहे. अ ऐवजी आ, हा मुद्दा मात्र मान्य. तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

सर : गावाकडचं बोलणंही आड येईल. आपल्याकडे ‘एक’चं ‘येक’ होतं, ‘ओढा’चा ‘वढा’ होतो. तो मुलगा आठ म्हणजे ‘ओत्तो’ असं म्हणण्याऐवजी ‘वत्तो’ म्हणेल. आणि ‘इस्टेशन’ म्हणणारा ‘इस्पागेत्ती’ म्हणेल.

मॅडम : म्हणेल, आणि त्याला ते दाखवून द्यावं लागेल. पण ही सूचना इंग्रजी पुस्तकात सापडायची नाही. ती मराठी बोली ओळखणाऱ्या शिक्षकालाच देता येते.

सर : बरं, ह्याचं उत्तर द्या. इटालियनला स्वरांची अक्षरं पाच, पण आघात असलेल्या अवयवात, म्हणजे सिलॅबलमध्ये, स्वर सात. ए मिटका आणि उघडा, ओ मिटका आणि उघडा. मिटक्या ए चा ‘पेस्का’ म्हणजे मासेमारी, उघड्या ए चा ‘पेस्का’ म्हणजे पीच हे फळ. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिणार तुम्ही.

मॅडम : इटालियन लोकही दोन्ही सारखेच लिहितात, सर. उघड्या ओ साठी आपल्याकडे ऑ आहे, ‘ऑफिस’मधला. तो बराच जवळ जातो. ‘बॅट’मधला ॲ मात्र गरजेपेक्षा जास्त उघडा आहे. इटालियनचा उघडा ए हा आपला ए आणि हा ॲ यांच्या मधला. तो कानानंच पकडावा लागतो. आणि इटलीतल्या कितीतरी भागांत हा भेद पुस्तकाप्रमाणे पाळत नाहीत, तेव्हा नवशिक्याचं त्यावाचून अडत नाही.

सी आणि जी

इटालियनमध्ये सी या अक्षराचा उच्चार पुढच्या स्वरावर ठरतो. पुढे आ, ओ, उ असेल किंवा व्यंजन असेल तर क. पुढे ए किंवा इ असेल तर च. जी या अक्षराचे तसेच, ग आणि ज. ए किंवा इ पुढे असूनही क किंवा ग हवा असेल तर मध्ये एच लिहितात. आ, ओ, उ पुढे असूनही च किंवा ज हवा असेल तर मध्ये आय लिहितात, आणि तो आय उच्चारत नाहीत. एस आणि सी एकत्र आले आणि पुढे ए किंवा इ असेल तर श. मध्ये एच आला तर स्क. ब्रुस्केत्तामध्ये असा एच आहे, म्हणून तिथे श येत नाही.

सर : हा नियम इंग्रजी शिकलेल्याला सोपा जातो. ‘कॅट’मध्ये सी म्हणजे क, ‘सिटी’मध्ये स. पुढच्या स्वरावर उच्चार बदलतो, हे त्याला ठाऊक असतं. एवढंच सांगायचं की स च्या जागी च म्हण.

मॅडम : ते त्याला इंग्रजीच्याही आधीपासून ठाऊक असतं. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ म्हणून बघा. लिहिताना च एकच, पण ‘त्याचा’मध्ये जीभ दातांच्या मुळाशी लागते आणि ‘त्याची’मध्ये मागे टाळूकडे जाते. ‘माझा’ आणि ‘माझी’ ह्यांचंही तेच. पुढे ई किंवा ए आला की आपला च टाळूवर सरकतो. इटालियनमध्ये मित्र म्हणजे ‘आमीको’ आणि अनेकवचन ‘आमीची’. तिथंही अक्षर तेच राहतं आणि शेवटच्या इ मुळे उच्चार सरकतो. सरकण्याचं कारण दोन्हीकडे एकच आहे. इ आणि ए म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचललेला असतो, आधीचं व्यंजन तिकडे ओढलं जातं.

सर : पण ‘बांको’चं अनेकवचन ‘बांकी’ होतं, ‘बांची’ नाही.

मॅडम : आणि म्हणूनच तिथं एच लिहितात. नियम मोडलेला नाही, लेखनानं सांभाळलाय.

सर : मग हे घ्या. ‘चाओ’ आणि ‘जोव्हान्नी’. मराठी नियमानं आ आणि ओ यांच्याआधी च, ज दातांजवळ येतात. चोर, चाक, जाळं. आपला मुलगा चाओचा च ‘चारा’सारखा आणि जोव्हान्नीचा ज ‘जोशी’सारखा म्हणणार. दोन्ही चूक.

मॅडम : ‘चार’मधला च घ्यायचा, ‘चारा’मधला नाही. आणि ‘ज्योती’मधला ज्यो. सर, मराठीत टाळूवरचा ज ओ च्या आधी दाखवायचा तर आपण य जोडतो, ज्योत. त्याच्या, माझ्या, इथंही तेच. तो य वेगळा असा जेमतेमच ऐकू येतो, जीभ कुठं लावायची ह्याची ती खूण असते. चाओमधला न बोलला जाणारा आय हेच काम करतो. विद्यार्थ्यानं वहीत ‘च्याओ’, ‘ज्योव्हान्नी’ लिहिलं तरी चालेल.

झेड

झेडचे इटालियनमध्ये दोन उच्चार आहेत, एक अघोष आणि एक घोष. ‘पित्सा’मध्ये अघोष उच्चार आहे. मराठी ‘चमचा’ या शब्दात पहिला च टाळूवरचा आणि दुसरा दातांजवळचा. पित्सामध्ये हा दुसरा च द्वित्त होऊन येतो. घोष उच्चार ‘जेजुरी’तल्या दुसऱ्या ज सारखा आहे. माजलगाव आणि अंबाजोगाई या नावांतला ज हाच. ‘मेद्झो’, म्हणजे अर्धा, या इटालियन शब्दात तो द्वित्त येतो.

मॅडम : इंग्रजी पुस्तक इथं ‘कॅट्स’च्या शेवटचे दोन ध्वनी आठवायला सांगतं, कारण इंग्रजीत हा ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला जवळजवळ येतच नाही. आपल्या पोराला तो चूल पेटवण्यापासून चोर पकडण्यापर्यंत दिवसभर लागतो.

सर : आणि तरीही तो ‘ग्रात्सिए’ चुकवणार, मॅडम. इथं तुमचाच नियम तुमच्यावर उलटतो. मराठी दंततालव्य, म्हणजे दातांजवळचा, च इ आणि ए यांच्याआधी टिकत नाही, टाळूवर सरकतो. इटालियन झेड सरकत नाही. ‘ग्रात्सिए’ म्हणजे आभार, ‘त्सीओ’ म्हणजे काका किंवा मामा, ‘वेनेत्सिया’ म्हणजे व्हेनिस. चमच्यातला च घेऊन जो जाईल, तो ‘ग्राच्चिए’ म्हणून परत येईल. आणि शून्य म्हणजे ‘द्झेरो’ ह्याचं तो टाळूवरच्या ज चं ‘जेरो’ करेल.

मॅडम : हे खरं आहे. मराठीत न घडणारी जोडी इथं जुळवावी लागते. मग आधार च चा न घेता ‘मत्सर’, ‘उत्साह’ यांतल्या त्स चा घ्यावा. आधी त् रोखायचा, मग ‘सि’ सोडायचा. म्हणूनच पित्सा, ग्रात्सिए हे त्स चं लेखन बरं. चमच्यानं ध्वनीची ओळख होते, लेखन मात्र त्स चं ठेवावं.

सर : आणि झेड कुठं अघोष, कुठं घोष, हे अक्षरावरून कळत नाही. ‘रागात्सो’मध्ये अघोष, ‘आद्झुर्रो’ म्हणजे निळा, त्यात घोष. लेखनात दोन्हीकडे दोन झेड. शब्दकोशच बघावा लागतो.

द्वित्त व्यंजने

सर : एकेरी आणि दुहेरी व्यंजन हे इंग्रजीभाषकाचं मोठं दुखणं. इंग्रजी लेखनात अक्षर दुहेरी दिसलं तरी उच्चारात एकेरीच असतं. इटालियनमध्ये ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘पाला’ म्हणजे फावडं, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘नोनो’ नववा, ‘नोन्नो’ आजोबा.

मॅडम : सुका आणि सुक्का यांतला फरक ज्याला ताटात कळतो, त्याला हे वेगळं शिकवायला नको. ‘हाती’ आणि ‘हत्ती’ बघा. एकेरी व्यंजनाआधी स्वर लांब, दुहेरीआधी आखूड. इटालियनमध्ये आघाताच्या अवयवाचं हेच गणित आहे. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकात कोचीन आणि गोव्यात राहिला, १५८८ साली गोव्यातच वारला. त्यानं पत्रांत नोंदवून ठेवलं की सहा, सात, आठ, नऊ हे संस्कृत आकडे, तसेच देव आणि सर्प हे शब्द, इटालियनशी जुळतात. पुढची गंमत उच्चाराची आहे. लॅटिन ‘सेप्तेम’चं इटालियनमध्ये ‘सेत्ते’ झालं, संस्कृत ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं. दोन्हीकडे प त मध्ये विरला आणि त दुहेरी झाला. आपल्या सत्तावीसमध्ये तो अजून ऐकू येतो.

सर : द्वित्ताबद्दल वाद नाही. पण त आणि द इंग्रजीतूनच बिघडतात, हे मीच सांगतो. आपण टी पाहिला की ट म्हणतो. टोमॅटो, स्पॅगेटी, इटली. इटालियनमध्ये ट आणि ड नाहीतच. ‘इतालिया’, ‘स्पागेत्ती’. इथं इंग्रजीच्या तासाला लागलेली सवय सोडायला हवी.

उरलेले ध्वनी

जी आणि एन एकत्र आले की न्य होतो. ‘बोलोन्या’, ‘लासान्ये’, ‘न्योक्की’ ही त्याची उदाहरणे. दोन स्वरांच्या मध्ये तो जोर देऊन, जवळजवळ न्न्य असा येतो. जी, एल आणि आय एकत्र आले की बहुधा एक खास ल येतो, ज्यात जिभेचा मधला भाग टाळूला पसरून चिकटतो. ‘फामील्या’, म्हणजे कुटुंब, या शब्दात तो आहे. एच कधीच उच्चारत नाहीत. क्यू आणि यू मिळून क्व होतो.

मॅडम : किल्ली आणि किल्ल्या, गल्ली आणि गल्ल्या. ‘किल्ल्या’ म्हणताना जीभ जिथं पोचते, तिथून तो खास ल अगदी जवळ आहे. ळ मात्र चालणार नाही. परळीतला ळ जीभ मागे वळवून होतो, हा जीभ पसरून.

सर : व्ही चं काय? मराठी व ओठ आणि दात यांच्यात मोघम राहतो. इटालियन व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर घासावे लागतात. वाइनला ते ‘व्हीनो’ म्हणतात. अंड्याच्या ‘उऑव्हो’ या शब्दात आधी गोल ओठांचा व येतो आणि नंतर दातांचा. इंग्रजीच्या तासाला व आणि व्ह वेगळे केलेला मुलगाच हा शब्द धड म्हणेल. एफचंही तसंच. तो फुलातला फ नव्हे, ‘फॅन’मधला फ.

मॅडम : इथं इंग्रजीचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. आणि एसच्या घोष उच्चारासाठी आपल्या जिल्ह्यात आणखी एक शिक्षक आहे. मराठीत शुद्ध घोष स नाही, आपण ज वर भागवतो. पण ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, त्यांच्या ‘ज़मीन’, ‘ज़रा’मध्ये तो रोज असतो. इटालियन एस म, ब, व्ह अशा घोष व्यंजनांआधी असाच होतो. चूक म्हणजे ‘ज़्बाल्यो’, स्वित्झर्लंड म्हणजे ‘ज़्व्हीत्सेरा’. दोन स्वरांमधला एस उत्तर इटलीत घोष होतो. वर्गात शेजारी बसलेल्या मित्राकडून हा ध्वनी फुकट शिकता येतो.

आघात

सर : शेवटचा मुद्दा आघाताचा, आणि तिथं मराठी काही मदत करत नाही. मराठीत आघात बदलला म्हणून अर्थ बदलत नाही. इटालियनमध्ये ‘आंकोरा’चा पहिला अवयव जोरात म्हटला तर नांगर, दुसरा म्हटला तर अजून. बहुतेक शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर असतो, पण ‘नापोली’, ‘मोदेना’, ‘तेलेफोनो’ यांत शेवटून तिसऱ्यावर. शेवटच्या अवयवावर असेल तेव्हाच चिन्ह लिहितात. ‘चित्ता’ म्हणजे शहर, ‘काफ्फे’ म्हणजे कॉफी. बाकी ठिकाणी लेखन गप्प असतं. इंग्रजी शिकलेल्याला निदान हे माहीत असतं की आघात ही शब्दागणिक शिकायची गोष्ट आहे.

मॅडम : मान्य. पण इंग्रजी आघाताबरोबर बाकीचे स्वर पुसट होतात, ती सवय मागे ठेवावी लागेल. जोराचा अवयव लांबवायचा आणि बाकीचे स्वर मराठीसारखे स्वच्छ ठेवायचे.

शिकण्याचा क्रम

दोन्ही मतांतून एक क्रम हाती येतो. आधी टी आणि डी या अक्षरांना त आणि द ही किंमत द्यावी, पहिल्या अक्षराला आ. शब्दाचा शेवटचा स्वर पूर्ण उच्चारावा. मग सी आणि जी यांचे नियम ‘त्याचा-त्याची’ म्हणत पक्के करावेत, आ आणि ओ यांच्यापुढे ‘च्या’ आणि ‘ज्यो’ लक्षात ठेवून. त्यानंतर झेड, आणि त्यात इ व ए यांच्याआधीच्या त्स चा वेगळा सराव. द्वित्त व्यंजने मराठीतून जवळजवळ आयती मिळतात. व्ह आणि फ इंग्रजीतून, घोष स उर्दूतून घ्यावा. उघडे-मिटके स्वर, झेडचा घोष-अघोष भेद आणि अनियमित आघात या तीन गोष्टी कोणत्याच नियमात बसत नाहीत. त्यांसाठी इटलीच्या ‘राई’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या उच्चारकोशासारखा कोश जवळ ठेवावा. नवा शब्द वहीत उतरवतानाच आघाताच्या अवयवाखाली रेघ मारावी, झेड असेल तर वर त्स किंवा द्झ लिहावे. सिएना आणि पेरूजा येथील परदेशीयांच्या विद्यापीठांच्या ‘चिल्स’ आणि ‘चेली’ या इटालियनच्या परीक्षांत बोलण्याचीही चाचणी असते; तिच्या तयारीलाही हाच क्रम पुरतो.